दार नुसतं लोटलंय

मंगळवार, ३ मे १९६६

माझी जुनी गिऱ्हाईक मिस आर्लेथा, तिने ही वही वाढदिवसाला दिली. त्यावर गुलाबाचं चित्र आहे, पण आत काय लिहायचं ते तिने सांगितलं नाही. दिवसभर माझ्या हातात बायकांची डोकी असतात आणि डोक्यांतलं सगळं माझ्या कानात येतं. कोणाचा नवरा कुठे जातो, कोणाची सून काय बोलली. बाहेर सांगितलं तर मेम्फिसमध्ये एकही बाई माझ्याकडे तापवलेल्या लोखंडी कंगव्याने केस सरळ करून घ्यायला यायची नाही. म्हणून इथे लिहीन म्हणते.

आज मात्र बातमी माझ्याच घरची आहे. माझा धाकटा भाऊ होझी जेवताना म्हणाला, "व्हीनी, जून संपला की मी डेट्रॉइटला चाललो. मोटारींच्या कारखान्यात काम मिळतंय."

मी म्हटलं, "जा की. तुझी मर्जी." आणि उठून भांडी इतक्या जोरात घासली की कपाचा कान तुटला.

होझीला मीच वाढवला. आई गेली तेव्हा तो रांगत होता, आणि आता बाबाही नाहीत. पुढच्या खोलीत माझं केसांचं दुकान, मागे आम्ही दोघं. कापसाच्या गठ्ठ्यांना खांदा देऊन तो कंटाळलाय हे मला दिसतं. पण तो गेला की मागे मी एकटीच. खरं लिहिते, मला भीती वाटते. चोरांची नाही. दुकान मिटल्यावर जे घड्याळ ऐकू येतं, त्याची.

शुक्रवार, ६ मे

पुढच्या जाळीच्या दाराची कडी हिवाळ्यात तुटली, ती अजून तशीच आहे. मी दार नुसतं लोटून ठेवते. बाया पायरीवरूनच ओरडतात, "व्हीनी, ढकलू का?" मी कंगवा न थांबवता ओरडते, "ढकला की! लोटलंयच नुसतं!" दिवसातून इतक्या वेळा हे होतं की आता मी झोपेतही ओरडत असेन.

कडी बसवायचं मिस्टर प्रुइटना केव्हाचं सांगितलंय. ते आमच्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात आणि बाकीचे दिवस कोपऱ्यावरच्या रेकॉर्डिंगच्या स्टुडिओत. बायको जाऊन बरीच वर्षं झाली. रोज संध्याकाळी कॉफीला येतात, टोपी मांडीवर ठेवतात आणि दहा वाक्यांत तास काढतात. माणूस असा की चर्चचा अख्खा ऑर्गन उघडून माझ्या केसांच्या पिनेने दुरुस्त केला. पण कडीचं नाव काढलं की म्हणतात, "उद्या बघतो, मिस लुव्हीनिया."

"तुमचा उद्या कोणत्या महिन्यात येतो?"

"कडी बसली की दार वाजवावं लागेल," ते म्हणाले.

"मग वाजवा! हात आहेत ना?" पुरुषांचा आळस कुठून कुठे जातो बघा.

होझी डेट्रॉइटला चाललाय असं सांगितल्यावर त्यांनी कॉफी अर्धी ठेवली. म्हणाले, "आमचे स्टुडिओवाले मिस्टर डनफी नवीन आवाज शोधतायत. मी एक गाणं केलंय. होझीने म्हणून बघावं." मी त्यांना दुसरा कप दिला आणि पीचची फळं घालून भाजलेलं गोड कॉब्लरही वाढलं, जे मी रविवारसाठी ठेवलं होतं.

रविवार, ८ मे

मातृदिन. ज्यांची आई आहे त्यांनी लाल फूल लावायचं, ज्यांची नाही त्यांनी पांढरं. होझीच्या कोटाला पांढरं फूल लावताना माझ्या मनात आलं, पुढच्या वर्षी हे कोण लावेल? मग स्वतःलाच दटावलं आणि टोपी नीट केली.

आमच्या चर्चचे वडीलधारे डीकन गुडलो म्हातारे झाले, पण ओळ अजून तेच देतात. पूर्वी बाबा द्यायचे. पुस्तकं कमी, वाचता येणारे त्याहून कमी, त्या काळापासून हीच रीत. डीकन पुढची ओळ झटकन, सपाट बोलून टाकतात आणि सगळं चर्च ती उचलून लांबवत लांबवत गातं. घरी मी होझीला अशीच ओळ द्यायचे, बाबांची नक्कल करत. तो पाळण्याची कड धरून ती उचलून गायचा. आज त्याने उचललेली ओळ अशी वर गेली की पुढच्या बाकावरच्या बायांचे पंखे हलायचे थांबले.

बाहेर पायरीवर मी सरळच बोलले, "मिस्टर डनफींकडे गा. रेकॉर्ड निघाली तर डेट्रॉइट नको."

होझी म्हणाला, "एकदा प्रयत्न करतो. नाही जमलं तर मला अडवायचं नाही. आणि भांडी आपटायची नाहीत."

कबूल केलं. भांड्यांचं जमेल की नाही देव जाणे.

गुरुवार, १९ मे

नाही जमलं. स्टुडिओ म्हणजे पूर्वीचं चपलांचं दुकान. मिस्टर डनफी गोरे आहेत, आधी रेडिओ दुरुस्त करायचे. त्यांचा बँड काळ्या-गोऱ्यांचा मिश्र आहे. सगळे एकाच वाडग्यातून शेंगदाणे खातात आणि बाहेर पडले की वेगवेगळ्या फुटपाथने घरी जातात. तिथे रेकॉर्डिंग सुरू झालं की एक लाल दिवा लागतो. तो लागला की होझीला स्वतःचं नावही आठवत नाही. कागद हातात दिला तर कागद थरथरतो. मिस्टर डनफींनी दिव्यावर टोपी घातली. होझी म्हणाला, "टोपीखाली तो लाल आहे हे मला माहीतच आहे ना!"

घरी तो पोट धरून एकटाच हसत बसला. मला हसू आलं नाही.

शनिवार, २१ मे

ते गाणं काय आहे ते आज मिस्टर प्रुइटकडून काढून घेतलं. ते कपात बघत पुटपुटले आणि माझा कानांवर विश्वास बसेना:

*दार तुझं लोटलंय नुसतं, मला माहीत आहे,*
*तरी पायरीवर उभा मी, टोपी हातात आहे.*
*कॉफीचा वास येतो, आत दिवा आहे,*
*सांग बाई, ढकलू का?*

म्हणजे शब्द माझ्या तोंडचे उचलले आणि घातले कुठल्या तरी दुसऱ्याच बाईच्या दाराला!

"कोण आहे ती?" मी विचारलं.

"आहे एक."

"चर्चमधली?"

"हो."

"आणि ती परपुरुषासाठी दार लोटून बसते? तिला काही लाज?"

मिस्टर प्रुइटना ठसका लागला. पाठीत थापट्या मारल्या तेव्हा कुठे श्वास आला. "ती साधी आहे हो," ते म्हणाले, "तिच्या लक्षातच नाही."

"असल्या साध्या बायका मी पुष्कळ बघितल्यात."

मंगळवार, २४ मे

मला वाटतं ती अर्नेस्टीन. विधवा आहे, जांभळी टोपी घालते आणि ऑर्गनजवळच्या बाकावर बसते. आज ती केस करायला आली तेव्हा कंगवा थोडा जास्तच तापला. मुद्दाम नाही. विचारलं, "घरी कॉफी पितेस का गं?" म्हणाली, "मला तर कॉफीने पित्त होतं." चांगलीच लपवाछपवी.

मला याचा एवढा राग का यावा ते कळत नाही. शब्द माझे होते म्हणून असेल.

गुरुवार, २ जून

आजचं कोणाला सांगायची सोय नाही. पण लिहून मोकळी होते.

मिस्टर डनफींनी काल निरोप दिला की आज शेवटचं. जमलं नाही तर गाणं नदीपलीकडच्या एका गायकाला जाणार. होझी म्हणाला, "तू चल. मागे उभी राहा. माझ्या पाठीला कळलं पाहिजे की तू आहेस." म्हणून मी दुकान अर्ध्या दिवसाने मिटलं, तळलेली कोंबडी टोपलीत भरली आणि गेले. मला ऑर्गनच्या बाजूला, एका मोकळ्या माइकपाशी उभं केलं. ट्रम्पेटवाला आला नव्हता, तो माइक त्याचा. मला वाटलं बंद आहे.

चपलांच्या दुकानाचे ते बुटके आरसे अजून भिंतीला आहेत, चपला पायांत घालून बघायचे. त्यात सगळ्यांचे फक्त पाय दिसतात. बँड सुरू झाला आणि सगळ्यांचे पाय एका तालात आपटू लागले. ढोलवाल्याचे, गिटारवाल्याचे, माझेही. मिस्टर प्रुइटचे तपकिरी बूट ऑर्गनच्या पायपट्ट्यांवर.

लाल दिवा लागला. होझीची मान मला मागून दिसत होती. ती ताठली आणि मला कळलं, शब्द गेले.

मग काय झालं ते मी ठरवून केलं नाही. देवाशपथ. माझं तोंड उघडलं आणि बाबा द्यायचे तशी, झटकन, सपाट, मी ओळ दिली: दार तुझं लोटलंय नुसतं, मला माहीत आहे. आणि होझीने ती उचलली. अशी उचलली, अशी ओढली, की माझ्या अंगावर काटा आला. मग मी पुढची दिली. मग त्यापुढची. मी स्टुडिओत आहे हेच विसरले, मला आमचं चर्च दिसत होतं आणि बाबा.

शेवटी तो "सांग बाई, ढकलू का?" वर आला. तिथे बँडने क्षणभर थांबायचं ठरलं होतं. सगळं शांत. आणि त्या शांततेत मी, गाढव मी, दुकानात ओरडते तशी ओरडले, "ढकला की! लोटलंयच नुसतं!"

आरशात सगळे पाय पुन्हा सुरू झाले. फक्त तपकिरी बूट थांबले. मग ते असे खाली आले की ऑर्गन गर्जला आणि काचा हादरल्या. रागच आला असणार. त्यांचं गाणं मी मातीत घातलं.

गाणं संपलं. मिस्टर डनफी काचेमागून बाहेर आले, त्यांच्या तोंडातली काडी गळून पडली होती. मी टोपली तिथेच टाकून घरी आले. आता होझी डेट्रॉइटला जाणार आणि माझ्या तोंडामुळे जाणार.

शुक्रवार, ३ जून

सकाळी विचारलं, "पुन्हा कधी बोलावलंय?"

होझी म्हणाला, "मिस्टर डनफी म्हणाले, पुन्हा करायची गरज नाही."

म्हणजे संपलं. मी भांडी आपटली नाहीत.

शनिवार, ११ जून

मिस्टर प्रुइट कॉफीला येत नाहीत. रविवारी माझ्याकडे पाठ करून वाजवतात, संपल्यावर मागच्या दाराने जातात. मी रोज दोघांची कॉफी करते आणि एकाची ओतून देते. सवय आहे, दुसरं काही नाही. होझीने कपाटातून बॅग काढली. तिला कोळ्याची जाळी लागली होती, ती मीच पुसून दिली. बाहेर जाऊन रडले, आत येऊन त्याच्या शर्टांची बटणं शिवली.

शनिवार, २५ जून

अगं वही, काय सांगू तुला!

दुकान भरलं होतं. मिस आर्लेथा खुर्चीत, तिच्या कानामागचे केस माझ्या कंगव्यात. रेडिओवरचा तो बडबड्या म्हणाला, "ही रेकॉर्ड आज सकाळी माझ्या हातात आली आणि मी ती आतापर्यंत चारदा वाजवली, आता पाचव्यांदा. आणि मेम्फिसकरांनो, मला कोणी तरी सांगा, ही बाई कोण?"

ऑर्गन. ढोल. आणि माझा आवाज! माझाच, सपाट, सर्दी झाल्यासारखा: दार तुझं लोटलंय नुसतं... मग त्यावर होझी, आभाळाला हात लावणारा. माझा कंगवा मिस आर्लेथाच्या कानाला लागला. ती किंचाळली, पण रेडिओचा आवाज कमी करू देईना.

"ढकलू का?" होझी.

"ढकला की! लोटलंयच नुसतं!" मी.

दुकानातल्या बाया खुर्च्यांवरून पडायच्या बाकी होत्या. ओल्या केसांनी एकमेकींना मिठ्या मारत होत्या. मिस आर्लेथा कानावर लोणी चोळत म्हणाली, "व्हीनी, तू तर सगळ्या गावासमोर त्याला हो म्हणालीस!"

"कोणाला?"

"कोणाला म्हणे! अगं, हे दार कोणाचं आहे?"

मी म्हटलं, "अर्नेस्टीनचं."

अशी शांतता झाली की रेडिओवरची साबणाची जाहिरात ऐकू आली. मिस आर्लेथा हळू बोलली, लहान मुलाशी बोलावं तसं. "अर्नेस्टीनच्या दाराला दोन कुलपं आहेत आणि एक कुत्रा. कडी तुटलेलं दार या रस्त्यावर एकच आहे. आणि त्यातून रोज टोपी हातात घेऊन आत जाणारा माणूसही एकच."

मी खाली बसले. मेल्या कंगव्याचा वास सुटला होता, कोणी तरी तो चुलीवरून उचलला. एवढ्या बायकांची गुपितं मला त्यांच्या आधी कळतात, आणि हे माझ्या टेबलावर रोज कॉफी पीत बसलं होतं.

होझी संध्याकाळी धावत आला. "पुन्हा करायची गरज नाही" म्हणजे तेच गाणं जसंच्या तसं पक्कं झालं होतं, हे त्यालाही आज कळलं. त्याने मला उचलून गोल फिरवलं आणि बॅग परत कपाटात टाकली.

रविवार, २६ जून

चर्चमध्ये बसायला लाज वाटत होती. देवाच्या गाण्याची रीत मी बाजारू गाण्यात घातली. डीकन गुडलो काठी टेकत माझ्याकडे आले. मी मान खाली घातली.

"लुव्हीनिया," ते म्हणाले, "रेकॉर्ड ऐकली. दुसरी ओळ अर्ध्या श्वासाने लवकर दिलीस. तुझे बाबा थांबले असते." आणि गेले.

मिस्टर प्रुइट पुन्हा मागच्या दाराने पळाले. मीही त्यांना थांबवलं नाही. थांबवून काय बोलले असते?

शुक्रवार, २२ जुलै

गाणं सगळीकडे वाजतंय. पोरं रस्त्यात एकमेकांना "ढकलू का?" विचारतात आणि उत्तर देऊन पळतात. दूधवाला विचारतो. पाद्रीबाबांनी परवा प्रार्थनेच्या खोलीचं दार ढकलताना विचारलं आणि स्वतःच लाल झाले. मी सगळ्यांना तोंडभर सुनावते, पण आतून हसू येतं.

आज मिस्टर डनफी आले. होझीला बँडबरोबर दौऱ्यावर जायचंय. सेंट लुइस, शिकागो, न्यूयॉर्क. हिवाळ्यापर्यंत तरी परत येणं नाही. कागदावर गावांची नावं होती, त्यात डेट्रॉइटही होतं. मी ते बघून एवढी हसले की मिस्टर डनफी घाबरले. ज्या गाण्याने त्याला ठेवायचं होतं तेच त्याला घेऊन चाललंय, आणि निम्मं गाणं माझंच आहे.

"तू पण चल," होझी म्हणाला. "ओळ कोण देणार?"

"आता शब्द पाठ झालेत तुला. सगळ्या देशाला झालेत."

बुधवार, ३ ऑगस्ट

होझी गेला. बस वळेपर्यंत खिडकीतून हात हलवत होता. टोपलीत कोंबडी दिली आहे, ती शहर सुटायच्या आधीच संपली असणार. तो आनंदात आहे, आणि मीही आहे, हे लिहायलाच हवं. बाबांनी ऐकलं असतं तर!

घरी आले. दुकान मिटलं, दार लोटलं. घड्याळ ऐकू आलं, वाटलं होतं तसंच. सवयीने दोघांची कॉफी केली.

शनिवार, ६ ऑगस्ट

शेवटच्या बाईचे केस होईपर्यंत ऊन उतरलं होतं. मिस आर्लेथा जायचं नाव काढत नव्हती, कान केव्हाच बरा झाला तरी. पायरीवर पावलं वाजली आणि थांबली. जाळीतून बघितलं. मिस्टर प्रुइट. रविवारचा कोट, एका हातात टोपी, दुसऱ्या हातात लोखंडी सामानाच्या दुकानातली पुडी आणि पेचकस. समोरच्या ओट्यांवरची माणसं बोलायची थांबली. पलीकडे कोणी तरी रेडिओ बंद केला.

ते उभेच. मी आत उभीच. माझ्या हातांना केसांच्या तेलाचा वास आणि एप्रनवर डाग. मनात आलं, मी आता चाळिशीची, मला हे शोभतं का? मग मनात आलं, शोभायचं ते गाण्यात शोभूनही गेलं, आणि सगळ्या देशाने ऐकलं.

मिस्टर प्रुइटनी घसा खाकरला. गाणं त्यांनी लिहिलं, पण तोंडातून शब्द फुटेना. मानेवरून मला कळलं, होझीसारखंच झालंय. शब्द गेले.

म्हणून मी त्यांना ओळ दिली. जाळीतून, हळूच, सपाट.

"सांग बाई, ढकलू का?"

त्यांनी ती उचलली. बेसूर उचलली, मिस्टर प्रुइटना गाता येत नाही. "सांग बाई," ते म्हणाले, "ढकलू का?"

"ढकला की," मी म्हटलं. या वेळी ओरडले नाही.

रस्त्यावर टाळ्या वाजल्या. मिस आर्लेथा रुमालात तोंड खुपसून मागच्या दाराने गेली, आणि जाताना ते लावून गेली.

नवी कडी बसवायला त्यांना जेमतेम कॉफी निवायला लागते तेवढा वेळ लागला. मी लावून बघितली. घट्ट बसली आहे. मिस्टर प्रुइट तेव्हा आतल्या बाजूला होते.